देवासमोर बसता यावे म्हणून

देवाजवळ राहावे असे कोणाला वाटत नाही? सकाळची पूजा, तिन्हीसांजेचा दिवा, चातुर्मासातील एखादा नेम, आषाढी-कार्तिकीची एकादशी हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आपल्या पूर्वजांनी नर्मदा ओलांडली, मुलूख बदलला, राज्ये गेली, कचेरीची भाषा बदलली, मुलांच्या शाळेचे माध्यम बदलले. पण देव्हारा बदलला नाही. तेव्हाचे टाक आजही कित्येक घरांत पूजेत आहेत. त्यामुळे देवाजवळ राहण्यासाठी आपल्याला काही निवडावे लागते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानातच येत नाही. देव घरात आहेत, अर्थात आपण त्यांच्याजवळ आहोत, असे आपण धरून चालतो.

परंतु एका छपराखाली असणे निराळे आणि जवळ असणे निराळे. एकाच वाड्यात राहणारे दोन भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, हे दृश्य आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे? देवाच्या बाबतीतही असे होऊ शकते. म्हणून प्रश्न असा आहे, की शिक्षण, नोकरी, विवाह, घर, पैसा, वृद्धांची सोय या आयुष्यातील मोठ्या निवडी कशा कराव्यात म्हणजे देवापासून अंतर पडणार नाही?

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे, की संसार आणि परमार्थ ही एका तराजूची दोन पारडी आहेत. एक खाली गेले की दुसरे वर जाणारच. हे उत्तर मनात ठसलेले असल्यामुळे आपण परमार्थ पुढे ढकलतो. मुलीचे लग्न होऊ द्या, मुलगा मार्गी लागू द्या, सेवानिवृत्ती होऊ द्या, मग देवाला वेळच वेळ! शासकीय सेवेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. माझ्या बरोबरीचे अनेकजण या प्रतीक्षेच्या अखेरीस पोचलेले मी पाहिले. त्यांना वेळ मिळाला, मन मात्र नवे मिळाले नाही. ज्याने तीस-पस्तीस वर्षे बढती, बदली आणि भत्ते यांचेच चिंतन केले, तो पोथी उघडून बसला तरी महागाई भत्त्याच्या थकबाकीचा हिशेब मांडत राहतो. यात कोणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. मनाला वळण लागलेले असते, आणि ते पूर्वीच्या निवडींनीच लावलेले असते.

शिवाय हा तराजूचा दृष्टान्त आपल्या संतपरंपरेला मान्य आहे असे दिसत नाही. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर मोठे राजकीय अधिकारी होते. परक्या धर्माच्या सत्तेची चाकरी, किल्ल्याची जबाबदारी, जमाखर्चाची दप्तरे हे सारे सांभाळून त्यांची उपासना चालली होती, आणि त्यांची समाधीही त्याच किल्ल्यावर आहे. एकनाथांना त्यांनी आधी हिशेबाला बसवले. जमाखर्चात एका पैची चूक निघत होती, ती शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. या कथेतून आपण एकाग्रतेचा बोध घेतो, तो योग्यच आहे. पण माझ्यासारख्या हिशेबाच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती पै दुसऱ्याची होती. परमार्थाचा अधिकार जोखण्यासाठी स्वामींनी जे साधन निवडले, ते सरकारी वही होते.

याच्या उलट उदाहरण महिपतींचे. ‘भक्तिविजय’ (१७६२) या ग्रंथाने ज्यांनी संतांची चरित्रे घरोघर पोचवली, ते महिपती (१७१५–१७९०) ताहराबादचे कुलकर्णी होते. ते पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावण्यास आला आणि निकड लावू लागला, असे परंपरा सांगते. पूजा आटोपून ते गेले, काम पुरे केले, आणि घरी येऊन कानावरची लेखणी देवापुढे ठेवली. यापुढे ती चाकरीसाठी उचलायची नाही असा निश्चय केला. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी रागाच्या भरात काम टाकले नाही. आधी अंगावरचे काम निस्तरले, मग लेखणी ठेवली.

एकाने चाकरी ठेवली, दुसऱ्याने सोडली. दोघेही देवाजवळचेच मानले गेले. मग निर्णायक गोष्ट चाकरीत नाही, चाकरी सोडण्यातही नाही, हे उघड आहे. दोघांमध्ये समान काय होते? मला वाटते, दोघांच्याही आयुष्यात देवाला दाखवता येणार नाही असे एकही दप्तर नव्हते. देवाजवळ असणे म्हणजे काही लपवावे न लागणे, एवढा साधा अर्थ मी घेतो.

हे स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण देतो. फार वर्षांपूर्वी एका कार्यालयात एक अधिकारी होते. रोज दीड-दोन तासांची पूजा, कपाळी गंध, श्रावणात दर सोमवारी उज्जैनला महाकालाचे दर्शन. आणि त्यांच्या टेबलावरून पुढे जाणाऱ्या प्रत्येक देयकातील त्यांचा भाग ठरलेला. त्या भागातील काही रक्कम ते नियमाने देवळांना देत. लोक मागे त्यांना दांभिक म्हणत. मला मात्र तसे वाटत नसे, कारण आरतीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत येणारे पाणी खोटे नव्हते. त्यांनी मनाच्या घरात दोन खोल्या केल्या होत्या आणि मधले दार बंद ठेवले होते. देवाला फसवता येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी देवाला फसवले नाही, त्या दुसऱ्या खोलीत त्याला बोलावलेच नाही. पुढे पुढे त्यांची पूजा आणखी लांबत गेली. तिच्यात घंटा होती, शंख होता, मोठ्याने म्हटलेली स्तोत्रे होती; पण पाच मिनिटे मुकाट्याने मूर्तीसमोर बसलेले त्यांना कोणी पाहिले नाही. बंद खोली जेवढी मोठी, तेवढा बाहेरचा गजर वाढवावा लागतो.

तेव्हा कोणतीही महत्त्वाची निवड करताना स्वतःला विचारावयाचा प्रश्न फार गूढ नाही. हा निर्णय घेतल्यावर आज संध्याकाळी दिवा लावताना मला काही दडवावे लागेल काय? बस्स, एवढेच. मुलाने विज्ञानशाखेला जावे की वाणिज्यशाखेला, घर जुन्या गावठाणात घ्यावे की नव्या वसाहतीत, याविषयी देवाचा काही आग्रह असेल असे मला वाटत नाही. आयुष्यातील पुष्कळ निवडी अशा निरुपद्रवी असतात. तेथे आपण आपली अक्कल वापरावी, चारजणांचा सल्ला घ्यावा आणि देवाला कौल लावून त्रास देऊ नये. ‘देवाची इच्छा काय’ या चिंतेने झुरणारी सज्जन माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या झुरण्याला भक्ती म्हणावे की निर्णयाची जबाबदारी टाळणे म्हणावे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

परंतु ही कसोटी लावण्यात एक अडचण आहे. ती फार उशिरा हाती येते.

समजा, एकाच वेतनश्रेणीतील दोन अधिकारी आहेत. पहिल्याने आपल्या ऐपतीपेक्षा मोठे घर कर्जाऊ बांधले आहे. दोन-तृतीयांश पगार हप्त्यांत जातो. मुलाला दूरच्या शहरात महागड्या शिकवणीला ठेवले आहे. एका ठेकेदाराच्या मळ्यावर कुटुंबासह दोनदा जेवणही झाले आहे. दुसरा वडिलार्जित घराच्या दोन खोल्यांत राहतो, स्कूटरवरून कचेरीत येतो आणि त्याची मुले सरकारी महाविद्यालयात आहेत. एके दिवशी दोघांच्याही टेबलावर सारखीच नस्ती येते आणि नस्तीबरोबर सारखाच निरोप येतो. पहिला मान तुकवतो, दुसरा निरोप परत पाठवतो. आपण म्हणतो, पहिल्याचा पाय घसरला, दुसरा निग्रही निघाला. वस्तुतः त्या दिवशी झालेला निर्णय त्या दिवशी झालेलाच नसतो. दहा वर्षांपूर्वी, कर्जाच्या कागदावर सही करताना, मळ्यावरचे आमंत्रण स्वीकारताना तो होऊन गेलेला असतो. त्या वेळी मात्र तो धर्माचा प्रश्न वाटला नव्हता. सोयीचा, हौसेचा, फार तर प्रतिष्ठेचा वाटला होता.

म्हणून माझ्या मते पगाराच्या आत संसार बसवणे हा एक पारमार्थिक नियम आहे. तो व्रतांच्या यादीत सापडणार नाही, त्याचे उद्यापन नसते, त्याला सवाष्ण-ब्राह्मण जेवू घालावे लागत नाहीत. पण संकटाच्या दिवशी ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्यातून येते. अशीच दुसरी निवड संगतीची. कोणाच्या गाडीत बसावे, कोणाच्या घरी जेवावे, कोणाकडून दिवाळीचा फराळ स्वीकारावा, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी उद्याच्या मोठ्या गोष्टींची तरतूद करून ठेवतात. तिसरी निवड जोडीदाराची. शेजारच्या घरात काय आले याचा उच्चार ज्या गृहिणींनी कधी केला नाही, त्यांनी कित्येक अधिकाऱ्यांची प्रामाणिकता जपली आहे. निवृत्तीच्या समारंभात हार त्या अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतो. त्यातील अर्धा तरी त्या माउलीचा असतो.

ही गोष्ट थोरांनी नीट ओळखली होती. १६३०–३१ च्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. १९१६ मध्ये बडोद्याला राहणाऱ्या एका तरुणाने आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे आईच्या चुलीत टाकली. उद्या उपयोगी पडतील, असे आई म्हणत असताना टाकली. पुढे इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला तो तरुण सुरतेला उतरून काशीला गेला. तेच पुढे विनोबा झाले. एकाने कागद पाण्यात टाकले, दुसऱ्याने विस्तवात. दोघांनाही स्वतःच्या मनाची ओळख होती. कर्जखत हाताशी असले, की अडचणीच्या दिवशी ऋणकोच्या दाराशी जावेसे वाटणार. प्रमाणपत्र हाताशी असले, की थकव्याच्या दिवशी नोकरी आठवणार. म्हणून मन निर्मळ असतानाच त्यांनी परतीची वाट बंद केली. आपण गृहस्थाश्रमी माणसांनी काही प्रमाणपत्रे जाळू नयेत. पण आपल्यालाही जाळता येण्यासारखे लहानसहान कागद असतातच.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो, आणि त्याला बगल देणे बरोबर होणार नाही. माझ्या निवडीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत असेल तर? तुकोबांच्या कथेतील एक तपशील या दृष्टीने फार मोलाचा आहे. खते बुडवण्यापूर्वी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याचीच खते बुडवली. आपले वैराग्य त्यांनी भावावर लादले नाही. तरीही पत्नी जिजाईला त्या वैराग्याची झळ बसलीच, आणि परंपरेने ती लपवली नाही. भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या जिजाईच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला स्वतः विठ्ठल आला, अशी कथा आपण ऐकतो. ती ज्याने प्रथम सांगितली त्याला माझा नमस्कार आहे. भक्त डोंगरावर ध्यानात बसला होता, आणि देव मात्र त्याच्या निवडीचा भार वाहणाऱ्या बाईच्या पायाशी होता. घरातील कर्त्या पुरुषाने परमार्थाचा मोठा निर्णय घेताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

दामाजीपंतांची कथाही याच प्रश्नाची आहे. मंगळवेढ्याचे हे अधिकारी. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्यकोठारे लुटवली. शासकीय नियमांनुसार पाहिले तर हा सरळसरळ अपहार होय; वरिष्ठांची मंजुरी नाही, नोंद नाही. भक्त म्हणतात, दयेपुढे नियम कसला? पण कथेचा शेवट बारकाईने पाहा. देवाने बादशहाचे येणे बुडवले नाही. तो विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याची किंमत दरबारात भरली आणि रीतसर पावती घेतली. लोककथा रचणाऱ्यांना देवाकडून कोणताही चमत्कार करवता आला असता. कोठारे पुन्हा भरवता आली असती, बादशहाला आंधळे करता आले असते. त्यांनी देवाला रक्कम भरायला लावली, आणि तीही दरबारात ज्याला कोणी आसन दिले नसते अशा माणसाच्या रूपाने. दया करताना नियम मोडावा लागला तर मोडावा; पण मोडल्याची किंमत कोणीतरी चुकवायची असते, आणि ती चुकवायची तयारी करूनच दामाजीपंत उभे होते. शिक्षेसाठी बेदरला जाण्यास ते निघालेच होते. स्वतःच्या मानेवर जोखीम घेऊन दुसऱ्याचे प्राण वाचवणे आणि दुसऱ्याच्या पैशावर पुण्य मिळवणे, या दोहोंत एवढेच अंतर आहे, आणि ते फार मोठे आहे.

आता आणखी एका फसव्या वळणाकडे येतो. दोन पर्यायांपैकी जो अधिक धार्मिक दिसतो, तोच देवाच्या अधिक जवळचा असतो काय? आम्हा माळव्यात राहणाऱ्यांना याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले तेव्हा अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या होत्या, आणि सासरे मल्हारराव यांनी विनवून त्यांना थांबवले, असे सांगितले जाते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सती जाणे ही परम धर्माची निवड, आणि मागे राहून दौलतीचे दप्तर पाहणे हा प्रपंच. त्यांनी प्रपंच पत्करला. पुढे मल्हारराव गेले, पुत्र मालेराव गेला, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालवले. आज्ञापत्रांवर स्वतःचे नाव न लिहिता ‘श्री शंकर’ असे लिहून त्या हुकूम सोडीत. काशी, सोमनाथ, गया येथील त्यांची देवालये आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांच्या भक्तीचे खरे गमक मला दुसरीकडे दिसते. होळकरांच्या दौलतीत सरकारी उत्पन्न आणि राणीचे खासगी उत्पन्न यांची खाती वेगळी होती, आणि अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून होई. देवाच्या नावाने का होईना, रयतेच्या पैशाला हात लावायचा नाही, ही मर्यादा त्यांनी पाळली. हुकुमावर शंकराचे नाव घातले, की त्या हुकुमात शंकराला न दाखवण्यासारखे काही असून चालत नाही. सती जाण्याने जे एका दिवसात संपले असते, ते त्यांना अठ्ठावीस वर्षे रोज निवडावे लागले.

राजघराण्यातून आपल्या पातळीवर उतरू. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर नर्मदा-परिक्रमा करण्याचा संकल्प केला होता. पायी परिक्रमा ही सोपी गोष्ट नव्हे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, मिळेल ते खायचे, आणि परंपरेच्या नियमाने चालले तर तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात. त्यांनी आठ-दहा महिन्यांत पुरी करायची असे ठरवून काठी, कमंडलू, पडशी सारे जमवले. निघण्याच्या सुमारास थोरल्या भावाला पक्षाघात झाला. भाऊ अविवाहित, दुसरे कोणी पाहणारे नाही. पुतणे-भाचे म्हणाले, “काका, आम्ही परिचारक ठेवतो, तुम्ही जा; देवाचे काम आहे.” ते गेले नाहीत. चार वर्षे भावाचे अंथरूण, आंघोळ, औषध त्यांनी केले. भाऊ वारले तोवर यांचे गुडघे गेले होते. मी एकदा त्यांना विचारले, “परिक्रमा राहिली याचे वाईट वाटते का?” ते म्हणाले, “वाटते ना. रोज वाटते. पण दादाला टाकून निघालो असतो, तर प्रत्येक घाटावर मला तोच दिसला असता.”

या उत्तरातील पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. योग्य निवड केली म्हणजे मनाला टोचणी राहत नाही, हा आपला गोड गैरसमज आहे. चांगल्या दोन गोष्टींतून एक निवडली, की दुसरी सुटतेच, आणि सुटलेल्या चांगल्या गोष्टीचे दुःख होतेच. ते दुःख देवापुढे मांडता येते. लपवावे लागत नाही. एवढ्यावरून ओळखावे, की आपण फार लांब आलेलो नाही.

काही वाचक येथे विचारतील, की हे सारे तर नीतीचे विवेचन झाले, यात देव कोठे आला? देव न मानणारी, पण व्यवहारात काटेकोर अशी माणसे आपण पाहतोच. पाहतो, आणि त्यांच्यापुढे मान लवते. बंद खोली बाळगणाऱ्या आस्तिकापेक्षा सताड उघड्या घराचा नास्तिक मला देवाच्या अधिक जवळचा वाटतो, मग त्याने ते कबूल करो अथवा न करो. मात्र भाविकाला एक गोष्ट अधिक लाभते. त्याच्या एकांताला साक्षीदार असतो. कोणी पाहत नसताना केलेला त्याग वाया गेला असे त्याला वाटत नाही, आणि कोणी पकडले नाही म्हणून पाप पचले असेही वाटत नाही. दुसरी शंका कृपेची. देवाची जवळीक ही आपल्या निवडींचे बक्षीस आहे काय? तसे मी म्हणत नाही. आपल्या परंपरेत देव युगानुयुगे विटेवर उभाच आहे. तो कोठे जात नाही. जातो-येतो ते आपण. आपल्या निवडी त्याला जवळ आणत नाहीत; फार तर आपले पाय त्याच्यापासून लांब जाऊ देत नाहीत.

शेवटी, ज्यांच्यासाठी हे लिहीत आहे त्या माझ्या वयाच्या वाचकांशी दोन शब्द. आपल्याला वाटते, की आपल्या निवडी करून झाल्या. आता फक्त नाम घ्यायचे. तसे नाही. एक मोठी निवड बहुतेकांपुढे अजून शिल्लक आहे, ती वाटणीची. आपल्या गावोगावच्या जुन्या वाड्यांची आता विक्री होत आहे. बांधकाम व्यावसायिक दारात उभे आहेत. अशा वेळी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. भाऊबीजेची ओवाळणी तबकात पडते आणि दोन दिवसांनी नोंदणी कार्यालयात सही होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा आपल्याला ठाऊक असतो. म्हणूनच तर सही घ्यावी लागते. बहिणीने समजून-उमजून, आनंदाने सोडले तर प्रश्न नाही. पण माहेर तुटेल या भीतीने तिने सही केली असेल, तर ते कागद नोंदणी कार्यालयात पक्के ठरतील, देव्हाऱ्यापुढे ठरणार नाहीत. वाटणीच्या बैठकीत ‘देव कोणाकडे जाणार?’ हा प्रश्न हमखास निघतो. मला वाटते, टाक कोणाच्याही घरी जावोत. ज्याने त्या बैठकीत कोणाचा वाटा दाबला नाही, देव त्याच्याकडे गेले.

अशा निवडी कोणी पाहत नाही, त्यांचा सत्कार होत नाही, आणि त्या करायला वयाची किंवा प्रकृतीची अट नाही. परिक्रमेला गुडघे लागतात, वारीला दम लागतो, पारायणाला दृष्टी लागते. बहिणीला तिचा वाटा द्यायला, भावाचे अंथरूण काढायला, सुनेवर पडणारा भार ओळखून आपला एखादा हट्ट सोडायला यांपैकी काहीच लागत नाही. हे साधले तर संध्याकाळी दिव्यापुढे बसताना स्तोत्र विसरले तरी चालेल. मुकाट्याने बसता येईल, आणि तेवढे पुष्कळ आहे.